रक्ताची गोळी

शेलारवस्ती, ता. कोरेगाव, जि. सातारा
८ जुलै २०२४

धनाजी, बहिऱ्या गड्या, रामराम.

तुझं पत्र पोचलं. तोफा आपण दोघांनी मिळून डागल्या आन् कान गेलं तुझ्या एकट्याचं, हे काय मला अजून पटलेलं न्हाई. आमची नातवंडं हसत्यात, म्हणत्यात, आण्णा, आता कोण पत्र लिवतं? म्हटलं, ज्याच्या दोस्ताला फोनवर घंटा ऐकू येत न्हाई तो लिवतो.

आता कामाचं सांगतो, नीट वाच. संयोगिताची किडनी मला जुळली! डॉक्टरांनी आमाला दोघांना समोर बसवून सांगितलं. दिवाळी झाली की ऑपरेशन. दोन वर्सं झाली, मंगळवार-शुक्रवार साताऱ्याला जायचं, हातात जाड सुया घालून मशीनवर पडायचं, अंगातलं पाणी काढून घ्यायचं आन् घरी येऊन परत घोट मोजत बसायचं. उसाला रात्रंदिवस पाणी पाजणारा मी, आन् माझ्या घशाला कोरड. ह्यातनं सुटणार, धना. मला तर खरंच वाटंना.

पण एक घोळ हाय. माझं रक्त लय कमी हाय, सातावर आलंय. किडनी गेली की रक्त नीट तयार हुत न्हाई म्हणं. ऑपरेशनच्या आधी ते वाढाय पायजे. मी म्हटलं, मग चढवा की दोन बाटल्या. तर डॉक्टर म्हणाले, नको. बाहेरचं रक्त आत गेलं की अंग त्याच्या विरोधात पहारेकरी उभं करतं, आन् उद्या संयोगिताची किडनी बसवली की तेच पहारेकरी तिच्यावर बी धावून जात्यात. मग आज जुळलेली उद्या जुळंलच असं न्हाई. म्हणून इंजेक्शनावर चाललंय, पण रक्त काय हालंना. बीट-पालक खावं म्हटलं तर किडनीवाल्याला ते बी बंद. आमचा थोरला, ऋषिराज, म्हणतो माझी घ्या. फौजेत हाय पोरगं, त्याची मी जित्ता असेतवर घेणार न्हाई. म्हंजे आशा म्हणून हाय ती हिच्या एकटीच्या किडनीची.

खायचं तर बंद, चढवायचं तर बंद, मग रक्त वाढवायचं कशानं? माझं डोस्कं चालंना झालंय. तुझं चालत असंल तर सांग.

तुझा,
आकाराम


हिरेवस्ती, ता. जत, जि. सांगली
१३ जुलै २०२४

आक्या, लेका,

पत्र वाचून मी एवढ्यांदा ओरडलो की शेरडं दावं तोडून पळाली. मला माझा आवाज कळत न्हाई, पण शेजारचा अर्जुना काठी घिऊन धावत आला, त्याला वाटलं लांडगाच आला. वयनींना माझा सलाम सांग. फौजेत लय शूर बघितलं, पण अशी बाई न्हाई बघितली.

आता रक्ताचं. तुला एवढी साधी गोष्ट कुणी सांगितली न्हाई व्हय? माझ्या संधिवातावर मिरजेच्या डॉक्टरनं दोन गोळ्या दिल्यात. एक आठवड्यातनं एकदाच घ्यायची. ती बोटं मोकळी करती, पण लय जहाल, रक्त खाती. म्हणून तिच्या जोडीला दुसरी, ती रक्त भरून काढती. ही दुसरी रोज घेतली तरी चालती. माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं रक्त ह्या गोळीनं बारावर हाय! आमची सून प्रांजल डबीत खणाखणात गोळ्या भरून ठेवती, मी नुसतं वार बघून तोंडात टाकतो.

ती आता इट्याला माहेरी गेलीया. तिचा बाप परमुलखातल्या सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या दुकानावरनं दोन वर्सांनी गावाकडं आलाय. जाताना माझी डबी भरून गेलीया, म्हणून माझं काय अडत न्हाई. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जादा पट्ट्या हायत. त्यातली रक्तवाली, बारकी, पिवळी, एक आख्खी पट्टी तुला धाडतोय. पलटणीत आपण पराठासुद्धा वाटून खाल्लाय, मग औषधाला काय झालं? रोज सकाळी एक. जत्रेतल्या बैलागत टुणटुणीत हुशील.

पाऊस न्हाई. टँकरच्या मागं पळतोय. तू पाण्याला महाग झालास किडनीपायी, मी जत तालुक्यापायी. दोघांची गत एकच.

तुझा,
धनाजी


शेलारवस्ती
२२ जुलै २०२४

धना,

पट्टी पोचली. दुसऱ्याच दिवशी सुरू केली. पहिल्या दोन दिवसांत तर अंगात नुसती तरतरी. मशीनवरच्या सिस्टर म्हणाल्या, आण्णा आज खुशीत दिसताय.

संयोगिताला मात्र सांगितलेलं न्हाई. गेल्या वर्सी कुणाच्या तरी सांगण्यावरनं काढा पिलो आन् छातीत धडधडून दवाखान्यात पडलो, तवापासनं तिनं सगळी औषधं आपल्या ताब्यात घेतल्यात. डॉक्टरांनी सांगितल्याबिगर तुळशीचं पान बी देत न्हाई. तिच्यापुढं तुझी गोळी काढली तर माझ्याबरोबर तुझा बी उद्धार हुईल. म्हणून चष्म्याच्या घरात ठिवलीया आन् गोठ्यात जाऊन घेतो. हवालदार माणूस चोरून गोळी खातोय, बघ. तसं हे काय औषध न्हाई म्हणा, ताकदच की.

एक कळंना. कालच्या तपासणीत रक्त सव्वासहावर आलंय. वाढायचं सोडून उतरलं. डॉक्टरांनी इंजेक्शन वाढवलं. गोळी लागायला वेळ लागत असंल का? तुला किती दिवसांनी गुण आला?

जीभ जरा पोळल्यागत झालीया. चहा गरम पिलो असंन.

आकाराम


हिरेवस्ती
२५ जुलै २०२४

आक्या,

घाबरू नको. सव्वासहा म्हंजे गोळी कमी पडाय लागली, दुसरं काय? माझी किडनी चांगली हाय म्हणून मला एक पुरती. तुझं मडकं गळकं, त्यात दुप्पट वतलं पायजे. सकाळ-संध्याकाळ दोन घे. संपत आली की कळीव, दुसरी पट्टी धाडतो.

वयनींना सांगू नको, बरोबर केलंस. बायकांना सगळ्यातच भीती दिसती. ऑपरेशन झालं की मी सोता येऊन त्यांच्या पाया पडून सांगंन, तुमची किडनी आन् माझी गोळी, दोघांनी मिळून आक्याला उभा केला.

जिभेला साजूक तूप लाव.

धनाजी


सातारा, दवाखाना
३० जुलै २०२४

धना,

अक्षर वाकडं आलंय, समजून घे. दवाखान्यातच हाय. तोंड सगळं आलंय. व्हट, जीभ, घसा, आत नुसतं सोललंय. पाण्याचा घोट निखाऱ्यागत जातो. बोलता येत न्हाई, म्हणून पाटीवर लिवून दाखवतो. आता तू बहिरा आन् मी मुका.

ताप हाय. रक्ताचं काय चाललंय ते इथं कुणालाच कळंना. लाल तर कमी हुतंच, आता पांढऱ्या पेशी बी गेल्या आन् रक्त गोठवणाऱ्या बी. दात घासले तर रक्त थांबंना. आधी म्हणाले डेंगू. डेंगू निघाला न्हाई. मग मलेरिया बघितला, तो बी न्हाई. मोठे डॉक्टर आले, त्यांनी संयोगिताला विचारलं, बाहेरचं काही औषध दिलं का? ती म्हणाली, देवाशप्पथ न्हाई. मला विचारलं. मी मान हलवली, न्हाई. खोटं बोललो असं मला वाटंना. त्यांनी औषध विचारलं. रक्त जातंय त्याचं कारण हुडकत्यात, आन् मी रक्त वाढायची गोळी खातोय, तिचा हितं काय संबंध?

ती तेवढी चालू हुती. तू म्हणालास तशा दोन-दोन. काल संपली. आता नवी पट्टी लवकर धाड, न्हाईतर रक्त आणखी उतरंल.

रात्री पलटणीतली समदी पोरं दिसत्यात. खरं काय आन् तापातलं काय ते उमजंना. ऑपरेशनचं आता कुणी बोलतच न्हाई.

आ.


हिरेवस्ती
३ ऑगस्ट २०२४

संयोगितावयनी,

तुमाला मी कधी पत्र लिवलं न्हाई. आज कुठल्या तोंडानं लिवतोय ते मलाच ठावं न्हाई.

काल आक्याचं पत्र आलं. मी वाचलं आन् दुसरी पट्टी काढाय डब्याकडं गेलो. प्रांजल परवाच इट्यास्नं आलीया. तिनं विचारलं, आप्पा, काय हुडकताय? मी पत्र तिच्या हातात दिलं. ती वाचत हुती. मधीच थांबली आन् परत वरनं वाचाय लागली. मग डब्यावर झडप घातली, सगळ्या पट्ट्या वाकळंवर पालथ्या केल्या. एकेक उचलून उजेडात धरली. मी विचारतोय काय झालं, काय झालं, ती माझ्याकडं बघंना. फोन उचलून अंगणात गेली.

वयनी, मी दारात उभा राहून तिचं तोंड हालताना बघत हुतो. मला काय बी ऐकू येत न्हाई. ती रडत हुती, हात जोडत हुती, मग नुसतीच फोन कानाला लावून उभी राहिली. मला वाटलं आक्या गेला. मी तिच्या दंडाला धरून हालवलं. तिनं पोराच्या पाटीवर लिवलं, ‘आप्पा, तुम्ही आठवड्याची पट्टी पाठवली. रक्ताची पट्टी इथंच आहे.’

दोन्ही पिवळ्या, दोन्ही बारक्या. माझ्या डोळ्याला दोन्ही एकच. डॉक्टरनं प्रांजलला पहिल्याच दिवशी सांगून ठिवलं हुतं, म्हाताऱ्याला ही गोळी रोज देऊ नको, तोंड आलं की गोळी बंद कर आन् पळत ये. म्हणून तिला ‘तोंड आलंय’ एवढं वाचल्याबरोबर कळलं. मला बी सांगितलं हुतं, पण मी डबीतलं तोंडात टाकायच्या पलीकडं कधी ध्यान दिलं न्हाई.

आन् मीच त्याला दोन घे म्हणालो. रक्त उतरतंय म्हणाला, तर मी दुप्पट घे म्हणालो.

प्रांजल मला सगळं सांगत न्हाई, नुसती ‘दवाखान्यात कळवलंय’ म्हणती. आक्या हाय का? एवढं एक लिवा. शिव्या द्या, पण लिवा.

धनाजी


सातारा
१४ ऑगस्ट २०२४

धनाजीभावजी,

हे आहेत.

प्रांजलचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात बसले होते. तिनं त्या गोळीचं नाव सांगितलं, मेथोट्रेक्सेट. मी ते तसंच्या तसं घोकत डॉक्टरांकडे धावले. त्यांनी नाव ऐकलं आणि डोक्याला हात लावला. म्हणाले, किडनी चालू असली तर ही गोळी लघवीवाटे निघून जाते. ह्यांच्या अंगात ती वाटच बंद. मशीनसुद्धा तिला नीट काढू शकत नाही. ती साठत गेली आणि हाडाच्या आत जिथं रक्त तयार होतं, तिथलं काम तिनं बंद पाडलं. तुमची किडनी चांगली, म्हणून तुम्हाला आठवड्यातून एक सोसते. ह्यांना ती एकसुद्धा द्यायची नसते. चष्म्याच्या घरात रिकामी पट्टी सापडली.

मी डॉक्टरांना देवाची शपथ घेऊन सांगितलं होतं, बाहेरचं काही नाही. माझ्या शपथेवर विसंबून ते तीन-चार दिवस भलतंच कारण शोधत बसले.

मग त्या गोळीवरचा उतारा सुरू झाला, रोज मशीन सुरू झालं. पण रक्त इतकं खाली गेलं होतं की नाकातून थांबेना. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, बाई, आता रक्त चढवावंच लागेल, बऱ्याच पिशव्या. चढवलं तर तुमची किडनी पुढं चालेल याची खात्री नाही. नाही चढवलं तर उद्याची खात्री नाही. सही करा.

मी केली.

आता ताप उतरलाय. तोंड भरत आलंय. पांढऱ्या पेशी वर यायला लागल्यात. पेज घेतात.

आणखी काही लिहायची मला इच्छा नाही.

संयोगिता


शेलारवस्ती
२३ सप्टेंबर २०२४

धना,

घरी आलोय. रक्त सगळं जाग्यावर आलं, पांढऱ्या बी, गोठवणाऱ्या बी. लाल नऊवर हाय. बघ, नऊ! एवढं तर दोन वर्सांत कवा नव्हतं. आन् आता त्या नवाचा उपयोग न्हाई.

परवा परत तपासणी केली. संयोगिताचं रक्त आन् माझं रक्त एकत्र करून बघत्यात, तशी. जुळलं न्हाई. चढवलेल्या रक्तानं पहारेकरी तयार झाले, आन् ते तिच्याच विरोधात उभे राहिले. तीस वर्सं एका ताटात जेवलेली बाई, आन् माझं अंग तिला वळखंना. संयोगिता म्हणाली, परत एकदा तपासा. त्यांनी परत तपासलं. तेच आलं.

मला कळत न्हाई, वाचलो म्हणून आनंद करायचा का वाचलो त्यानंच किडनी गेली म्हणून रडायचं. दोन्ही एकदम येतंय. काल उसात उभा राहून हसलो, का हसलो ते मलाच ठावं न्हाई.

तुझ्यावर माझा राग न्हाई. खोटं न्हाई सांगत, हुडकून बघितला. तू गोळी चुकलास, पण डॉक्टरांसमोर मान मी हलवली. तुझ्यापेक्षा मोठा गाढव मी.

पण दीड महिना झाला, तुझं एक पत्र न्हाई. प्रांजल हिला फोनवर म्हणाली, आप्पा जेवत न्हाईत, सोताच्या गोळ्या घेत न्हाईत, बोटं आखडून बसल्यात. ही काय नाटकं? तुझ्या गोळ्या सोडून माझी किडनी येणार हाय व्हय? मी तुझा हवालदार हाय अजून. गोळी घे आन् पत्र लिव.

आकाराम


शेलारवस्ती
२१ ऑक्टोबर २०२४

धनाजीभावजी,

हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय.

मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. रोज सकाळी ठरवते, आज सोडून द्यायचं. मग मंगळवार येतो, ह्यांच्या हातात त्या सुया जाताना बघते आणि पुन्हा सगळं वर येतं. राग नेमका कुणावर धरावा तेही मला समजेनासं झालंय. तुमच्यावर धरावा तर तुम्ही जीव लावूनच पाठवली होती. ह्यांच्यावर धरावा तर हे समोर लहान मुलासारखे बसलेले. प्रांजलनं तर वाचवलं. आणि ज्या सहीनं किडनी गेली ती सही माझी. आज परत विचारलं तर परत करीन, आणि परत अशीच रडत बसेन.

ऑपरेशनसाठी माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, तुमच्या दोन्ही किडन्या अगदी उत्तम आहेत. ते ऐकून मला एवढा राग आला! काय करू मी त्या दोन उत्तम किडन्यांचं? भावजी, मी मनानं त्यातली एक कधीच देऊन टाकली होती.

दुसऱ्या कुणाची जुळते का ते बघू म्हणतात. नाव नोंदवलंय. वर्ष लागेल, चार लागतील, कुणी सांगत नाही. तोवर मशीन.

प्रांजलनं मला सांगितलं, तुम्ही पत्र लिहिता आणि फाडून टाकता. आखडलेल्या बोटांनी लिहिता आणि फाडता. फाडू नका. गोळ्या तिच्या हातानं वेळेवर घ्या.

हे मशीनवर पडले की टीव्हीकडे बघत नाहीत. मोबाईल डोळ्यांना टोचतो म्हणतात. शेजारची माणसं झोपतात, ह्यांना झोप येत नाही. छताकडे बघत पडून राहतात. परत येताना गाडीत प्रत्येक वेळी विचारतात, टपाल आलं का गं? मी ‘नाही’ म्हणते. सुरुवातीला तसं म्हणताना मला बरं वाटायचं, खरं सांगते. आता वाटत नाही.

पत्रात औषध घालू नका, औषधाचा सल्ला देऊ नका, आणि माफी मागू नका. माफीचं वाचलं की हे दिवसभर गप्प होतात. टँकरचं लिहा, शेरडांचं लिहा, प्रांजलशी झालेल्या भांडणाचं लिहा, पलटणीतल्या खऱ्या-खोट्या काय वाट्टेल त्या गोष्टी लिहा.

मशीनवर चार तास जातात. चार तास पुरेल एवढं लिहा.

संयोगिता